शाल, श्रीफळ आणि सायबर सुरक्षा

शाळेतल्या सायबर सुरक्षेच्या कार्यक्रमाचा साचा आता ठरून गेला आहे. पोलीस ठाण्यातून साहेब येतात, शाल-श्रीफळ होते, प्रास्ताविक लांबते आणि उरल्यासुरल्या वेळात मांडी घालून बसलेल्या मुलांना बजावले जाते, की आपले फोटो अनोळखी लोकांच्या हाती पडू देऊ नका. संध्याकाळपर्यंत त्याच मुलांचे फोटो, गणवेश आणि शाळेच्या नावासकट, शाळेच्याच फेसबुकवर झळकतात. अठरा वर्षांखालील मुलांची डिजिटल माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, असे २०२३ चा माहिती-संरक्षणाचा कायदा म्हणतो. पण फोटोच नको म्हटले तर साहेबांना काय वाटेल?

कोणी म्हणेल, काहीच नसण्यापेक्षा एक तास बरा. पोलिसांना इतरही कामे असतात. कबूल. मग तो तास नुसता ऐकण्यात का घालवायचा? ऑनलाइन फसवणुकीनंतर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन जितका लवकर जाईल, तितकी पैसे वाटेतच अडवले जाण्याची शक्यता जास्त. तेव्हा बँकेतल्या बाईंना बोलवा आणि मुलांकडून तक्रारीची रंगीत तालीम करून घ्या: व्यवहार क्रमांक कुठे सापडतो, पुरावा म्हणून काय जपायचे. मुलांना अडचणीचे प्रश्नही साहेबांना विचारू द्या. शिवाय, भामट्यांनी फोनवरून दाखवलेल्या, कायद्यात कुठेही नसलेल्या ‘डिजिटल अटके’ला घाबरून आयुष्याची पुंजी देणाऱ्यांत निवृत्त, उच्चशिक्षित मंडळी कमी नाहीत. त्यांनाही मागच्या बाकावर बसवा. गृहपाठ नातवंडे तपासतील.