आलेख जरा उठवा!

तिमाही मीटिंगच्या आदल्या संध्याकाळी साहेब हमखास माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. स्क्रीनवर वेळेत पोचलेल्या मालाची टक्केवारी असते. एप्रिलात ९६.१०, जूनमध्ये ९६.८५. शून्य ते शंभरच्या अक्षावर रेघ निवांत आडवी पडलेली.

"वाढ कुठंय?"

"आहे ना सर. पाऊण टक्का."

"मग दिसू दे की! जरा उठवा त्याला."

मी पायथॉनमध्ये अक्षाची हद्द ठरवणारं सेट_वायलिम लिहितो, कंसात ९६ आणि ९७. तीच रेघ ताडकन उठून उभा चढ चढू लागते. साहेब खूश. तक्रारींचा आलेख आला की मात्र अक्ष दहा हजारांपर्यंत ताणायचा. तिथे शांतता नांदलेली बरी.

या चलाखीचा मान पायथॉनला देऊ नये. डॅरेल हफ यांनी १९५४ मध्येच 'हाऊ टु लाय विथ स्टॅटिस्टिक्स'मध्ये तिची यथेच्छ टर उडवली आहे. तेव्हा निदान आलेख हातानं काढावा लागे. आता थाप मारायलाही कष्ट नाहीत. अर्थात शून्याचं सोवळंही फार पाळू नये. तापाचा तक्ता शून्य फॅरनहाइटपासून काढला, तर १०३ तापानं फणफणलेला माणूसही ठणठणीत दिसेल. स्तंभांची गोष्ट वेगळी. तिथे लांबीच बोलते, त्यामुळे पाय शून्यावरच हवेत.

हे आमच्या टीममधल्या नव्या मुलीच्या कोडनं परस्पर सिद्ध केलं. ती 'आर' या भाषेत काम करते. साहेबांच्या हुकमावरून तिनं तिथल्या जीजीप्लॉटच्या स्तंभांना वायलिम ९६ ते ९७ लावलं आणि सगळे स्तंभ गायब! नुसती चौकट उरली. स्तंभ शून्यापासून उगवतात, शून्य हद्दीबाहेर, म्हणून स्तंभच बाद. खाली एक भिडस्त सूचना: इतक्या ओळी काढून टाकल्या.

"डेटा कुठं गेला?" साहेब.

"तडीपार केला, सर."

बॉक्सप्लॉटमध्ये तर याहून मजा. हद्दीबाहेरचे आकडे आधी हाकलले जातात आणि मध्यक नंतर काढला जातो. म्हणजे रखडलेल्या गाड्या मोजायच्याच नाहीत आणि सेवा सुधारली म्हणायचं. आकडे न गाळता नुसतं जवळून दाखवायचं तर कोऑर्ड_कार्टेशियन वापरावं. नावडत्या काकांना फोटोच्या फ्रेमबाहेर ठेवणं वेगळं, वंशावळीतूनच खोडणं वेगळं.

पायथॉनच्या मॅटप्लॉटलिबची तऱ्हा आणखी निराळी. मर्यादा उलट्या दिल्या, आधी मोठा आकडा आणि मग लहान, तर ते चकार शब्द न काढता अख्खा अक्ष उलटा करतं. समुद्राची खोली दाखवायला झकास सोय. घसरलेली विक्रीही त्यात दिमाखात वर जाते. साहेबांना हे अजून ठाऊक नाही. पण त्यांच्या पुतण्यानं परवाच पायथॉनचा क्लास लावलाय.