कॅमेऱ्याचा सातबारा

वेष्टनावर छापलेली किंमत ही एक सभ्य दंतकथा आहे, असे माझ्या मेहुण्यांचे मत आहे. आणि तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या गृहस्थाचे मत खोडून काढण्याचे सामर्थ्य ललित लेखकाच्या अंगी सहसा नसते. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला हिवाळ्यात येणाऱ्या रोहित पक्ष्यांची छायाचित्रे घेण्याची हौस मला उतारवयात जडली आणि सोनीच्या ‘अल्फा सेव्हन फोर’ या मिररलेस कॅमेऱ्यावर माझे मन बसले, तेव्हा ते प्रकरण साहजिकच त्यांच्याकडे वर्ग झाले. 2022 च्या आरंभी हे यंत्र हिंदुस्थानात अवतरले तेव्हा नुसत्या बॉडीचे मूल्य 2,42,490 रुपये होते. मेहुण्यांनी त्यातून 36,990 रुपये वस्तू व सेवा कराचे म्हणून वेगळे काढले, आणि 1 जानेवारी 2019 पूर्वी कॅमेऱ्यावर हाच कर 28 टक्के होता, आता 18 आहे, तेव्हा सरकारचे आभार माना, असा शेराही मारला.

त्यांचा सिद्धान्त असा, की पुण्यातले हौशी लोक महाग कॅमेरे कपाटात ठेवतात, तर तालुक्याच्या गावी तेच कॅमेरे लग्नांत राबतात. सबब ज्येष्ठ सरून मुहूर्त आटोपत आले, की नव्या कॅमेऱ्याच्या ओढीने जुना विकू पाहणारा छायाचित्रकार शिरूर-दौंडकडेच गाठावा. सिद्धान्त ऐकून घेईपर्यंत आम्ही शिरूरच्या एस.टी.त बसलो होतो.

रांजणगाव आले तेव्हा मेहुण्यांनी खिडकीतूनच महागणपतीला हात जोडले आणि पाठोपाठ औद्योगिक वसाहतीकडे बोट दाखवून, “इथे फ्रिज होतात, मोटारी होतात; कॅमेरे होत असते तर फाटकावरच भाव विचारला असता,” अशी खंत व्यक्त केली. जुनी माणसे ज्याला अजून घोडनदी म्हणतात ते शिरूर ही एके काळची इंग्रजांची छावणी. कोरेगावच्या लढाईत उतरलेली पलटण 31 डिसेंबर 1817 च्या रात्री येथूनच पायी निघाली होती; आम्ही कोरेगाव ओलांडून उलट दिशेने, आणि बसून, आलो.

बाजारपेठेतील दुकानदाराने पाण्याचे ग्लास पुढे केले आणि या व्यवहारातला आद्य प्रश्न विचारला: “काका, बिलात पाहिजे का बिगरबिलाचा? बिगरबिलाचा घेतला तर वीस हजार खाली बसंल. माल तोच.” माल तोच असतो हे खरे, परंतु तो परदेशातून परभारे आलेला असतो, आणि पुढे बिघडला तर कंपनीची येथील हमी त्याला लागू होत नाही. मेहुण्यांनी चष्मा पुसला. “बिल नाही म्हणजे खरेदीखत नाही. खरेदीखत नाही म्हणजे तुमचा ताबा बेकायदेशीर,” ते मला उद्देशून, पण दुकानदाराला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. दुकानदाराने ग्लास परत घेतले.

न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या गाडीत दोन्ही बाजूंना उसाखेरीज काही दिसत नाही. शेजारच्या शेतकऱ्याने आमचा खल ऐकून किंमत विचारली, मी नव्याची सांगितली, आणि 2024-25 च्या हंगामाचा सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे 3,400 रुपये हा केंद्राचा दर धरून त्याने मनातल्या मनात भागाकार केला. “एकाहत्तर टन झाले की! त्यात तोडणी-वाहतूक धरली न्हाई अजून. पाखरं काय खात्यात का काय तुमची?” पारगावला भीमा ओलांडेपर्यंत मला उत्तर सुचले नाही. चौफुल्यावर कलाकेंद्रांच्या पाट्या दिसल्या, तिकडे मेहुण्यांनी निग्रहाने पाहिले नाही. इतका निग्रह सवयीवाचून येत नाही, असे माझे खाजगी मत आहे.

दौंड हे जंक्शन. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांची इंजिने येथे वर्षानुवर्षे एका टोकाची दुसऱ्या टोकाला जोडली गेली, आणि आमच्या व्यवहाराचेही तसेच झाले. स्टेशनापासून जवळच एका तरुण छायाचित्रकाराने मला हवा तोच कॅमेरा काळ्या मखमलीवर ठेवला. मी त्याच्याकडे प्रेमाने पाहत असता मेहुण्यांनी जबानी सुरू केली.

“मूळ मालक कोण?”

“मीच, साहेब.”

“शटर किती पडलंय?” हा शब्द त्यांनी शिरूरला पैदा केला होता.

“ऐंशी हजाराच्या आत.”

वास्तविक निकॉनच्या ‘झेड एट’मध्ये यांत्रिक शटरच ठेवलेले नाही. आधी आरसा काढून किंमत वाढवली, मग पडदा काढून आणखी वाढवली. पुढे कॅमेराच काढून घेतील तेव्हा तो कोणालाच परवडणार नाही. ही शंका मी बोलून दाखवली नाही, कारण चौकशी ऐन रंगात आली होती.

“बोजा?”

तरुण चाचरला. “सहा हप्ते राहिलेत.”

“म्हणजे इतर हक्कात फायनान्स कंपनीचं नाव!” मेहुणे जवळजवळ आनंदाने ओरडले. मला त्या पोराची दया आली. दादासाहेब फाळक्यांनीही आयुर्विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून 1912 साली विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणला होता. सुदैवाने त्या वेळी माझे मेहुणे नोकरीत नव्हते.

अखेर एक लाख तीस हजारांवर तोड निघाली. हप्ते फेडून कंपनीचा ना-हरकत दाखला, मूळ बिल आणि खोके त्याने द्यायचे. मात्र हंगामातले शेवटचे लग्न याच कॅमेऱ्यावर घ्यायचे असल्याने ताबा त्यानंतर मिळणार होता. “तुम्ही पण या की लग्नाला, काका. आपलंच गिऱ्हाईक आहे.” ताबा मिळेपर्यंत मालमत्तेवर नजर असावी, या शुद्ध प्रशासकीय हेतूने आम्ही त्या लग्नाला गेलो, मठ्ठा-जिलबीसह जेवलो, आणि फेटे बांधून वधूवरांशेजारी उभे राहिलो. माझाच होऊ घातलेला कॅमेरा माझ्यावर रोखून तो तरुण “काका, जरा हसा की,” म्हणाला, आणि मी हसलो.

मांडव उतरल्यावर रक्कम चुकती झाली. बिल, दाखला, खोके, पट्टा सारे यथासांग माझ्या हवाली झाले. यंत्र उघडून पाहतो तो आत कार्ड नाही.

“कार्ड माझं, काका. तुमचा फोटो पाहिजे असंल तर धुऊन देतो. दोनशे पडतील.”

मेहुण्यांनी पाकिटातून दोन नोटा काढल्या आणि पावती मागितली.