समान वागणूक मिळणेबाबत

प्रति,
श्रीयुत जेट स्ट्रीम,
मुक्काम पोस्ट पस्तीस हजार फूट.

विषय : जाताना व येताना समान वागणूक मिळणेबाबत.

महोदय,

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायला साधारण १६ तास लागतात आणि परत यायला १४. विमान तसंच, जागा तेवढीच, पायांना येणारी सूजही तीच. चौकशीअंती समजलं, की आपण म्हणजे विमानांच्या उंचीवरचा वेगवान वारा, बारा महिने पश्चिमेकडून पूर्वेकडे धावता आणि हिवाळ्यात तर आपल्याला भलताच जोर चढतो. म्हणजे नातवंडांच्या ओढीने निघालेल्या आजी-आजोबांना आपण अडवून धरता, आणि जड मनाने परतणाऱ्यांना मात्र मागून ढकलत लवकर घरी पोचवता. हा पक्षपात झाला.

(शेजारच्या सीटवरच्या काकांचं म्हणणं, की खाली पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते, हे त्यांना पटवण्यात अटलांटिक संपला. पटलं नाहीच.)

आपल्या वशिल्याचे पुरावे आहेत. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी हवेत आपण एका बोइंग ७४७ ला न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत नेऊन सोडलंत. उलट त्याच हवेत लंडनहून निघालेल्यांची काय गत झाली असेल, ते विचारू नये. आपली दहशत तर एवढी, की २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटरच्या घरात गेलं, तरी प्रवासाचे सुमारे दोन तास वाचले. आपल्याशी भांडण्यापेक्षा पृथ्वीला दुसऱ्या बाजूने वळसा घालणं परवडलं! इंजिनांच्या जाहिराती कितीही झळकोत, लांबच्या प्रवासात शब्द आपलाच चालतो. शिडाच्या गलबतातले कोकणी तांडेल वाऱ्याचा कल पाहूनच नांगर उचलत. आमचे वैमानिक संगणकावर तेच करतात.

एका बाबतीत मात्र आपल्यावर अन्याय झाला, हे मान्य. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून आपला माग काढला आणि सगळ्या जगाला कळावं म्हणून १९२६ साली अहवाल चक्क एस्परांतो या जगासाठी घडवलेल्या भाषेत छापला. जगाने तो वाचला नाही. पुढे १९४४ मध्ये जपानवर चालून गेलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांचे बॉम्ब भलतीकडेच पडू लागले, तेव्हा तिकडच्या साहेबांना आपली ओळख पटली. अहवाल न वाचण्याची सरकारी परंपरा आमच्याकडचीच नाही, एवढा दिलासा मिळाला.

अलीकडे आपला स्वभावही बिघडत चालल्याचं ऐकतो. रेडिंग विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, उत्तर अटलांटिकवर निरभ्र आकाशात बसणारे तीव्र हादरे १९७९ ते २०२० या काळात ५५ टक्क्यांनी वाढले. हवा तापल्याने आपण बिघडलात म्हणतात, पण तापमान आम्हीच वाढवलं, आमच्या विमानांचा धूरही त्यात आहे, त्यामुळे या कलमावर आम्ही ताणून धरत नाही. कमरेचा पट्टा बसल्यापासून उतरेपर्यंत बांधून ठेवू.

तरी जाताना तासाभराची सवलत मिळावी. ते नियमात बसत नसेल, तर निदान कपात गरम चहा असताना हलवू नये.

कळावे,
आपला,
मधल्या सीटवरील एक प्रवासी

ता. क. : अर्जाची प्रत विमानकंपन्यांना मुद्दामच दिलेली नाही. खिडकीचे, जादा बॅगेचे आणि पाय पसरण्याचे पैसे त्या घेतातच. परतीच्या वाटेवर आपण फुकट ढकलता, हे कृपया त्यांच्या कानावर जाऊ देऊ नये.