मैफलीत निराश कसे व्हावे

मैफल ऐकून खूश होणं कोणालाही जमतं. पाच वर्षांचं पोरही तिहाईला टाळ्या पिटतं. निराश व्हायला मात्र अभ्यास लागतो, बैठक लागते, आणि घरी 'मग गेलात कशाला?' असं न विचारणारं माणूस लागतं. तीसेक वर्षं मंडपांत, सभागृहांत आणि देवळांच्या ओवऱ्यांत बसून या विद्येत मी जे कमावलं, ते नव्या श्रोत्यांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे देतो आहे. गुरुदक्षिणा नको. पुढच्या वेळी रांगेत माझी जागा धरलीत तरी पुरे.

पहिलं साहित्य म्हणजे एक दिवंगत गायक. समोर गाणाऱ्याची तुलना हयात माणसाशी कधीही करू नये. हयात माणूस पुढच्याच महिन्यात तुमच्या गावात येतो, त्या दिवशी त्याचा घसा बसलेला असतो आणि तुमची पंचाईत होते. गेलेल्याचा घसा बसत नाही. फक्त गायक निवडताना आपलं वय बघावं. नवशिके हमखास इथेच आपटतात. मल्लिकार्जुन मन्सूर आणि कुमार गंधर्व दोघेही १९९२ साली गेले, म्हणजे 'मन्सूर ऐकलेल्या कानांना हे काय रुचणार?' हे वाक्य पंचेचाळिशीच्या आत तोंडात घेऊ नये. वसंतराव देशपांडे १९८३ साली गेले. त्यांच्यासाठी आपली साठी जवळ आलेली असली की चालतं. अमीर खाँसाहेब १९७४ साली अपघातात गेले. ते नाव आता फक्त एसटीत सवलत मिळणाऱ्यांनाच शोभतं. एकदा माझ्या शेजारी बसलेल्या चाळिशीच्या गृहस्थांनी बालगंधर्वांना समोर बसून ऐकल्याचं सांगितलं. बालगंधर्व १९६७ साली वारले. पुढच्या रांगेतल्या आजींनी मान वळवली, त्या गृहस्थांच्या काळ्याभोर केसांकडे एकदा नीट पाहिलं, आणि पुन्हा मान सरळ केली. मध्यंतरानंतर ते त्या जागेवर दिसले नाहीत.

वय कमी पडत असेल तर आजोबा काढावेत. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'मानापमान' केलं. एक भामिनी, एक धैर्यधर, आणि दोघेही एकमेकांच्या तोडीचे. त्यानंतर तीनच महिन्यांत केशवराव गेले, त्यामुळे तो प्रयोग आठवणींच्या बाजारात सोन्याच्या भावाने चालतो. ज्यांचे आजोबा त्या रात्री थिएटरात होते असे इतके लोक मला भेटले आहेत, की ते थिएटर शिवाजी पार्कएवढं असणार. पण आजोबांची उलटतपासणी कोणी घेत नाही, हा त्यांचा मोठा गुण.

आता स्थळ. पुण्यात राहत असाल तर तुमचं काम निम्मं झालंच. सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव भीमसेन जोशींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, आणि 'आता पूर्वीचं सवाई राहिलं नाही' हे वाक्य १९५४ साली कोणीतरी नक्की म्हटलं असणार. या वाक्याला कारणांचा तुटवडा नाही. आधी मैफली रात्रभर चालायच्या, त्या बंद झाल्या. मग रमणबाग सुटली आणि मंडप मुकुंदनगरला गेला. शिवाय व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे आले, त्यामुळे गवयाची पडजीभही दिसू लागली. ज्यांना रमणबागेत पाय ठेवायला जागा मिळत नसे, तेच आज 'रमणबागेची ऊब वेगळी' म्हणतात. ऊब होती, यात शंका नाही. एकाच्या गुडघ्यावर दुसऱ्याची पाठ असली की डिसेंबरातसुद्धा ऊब येते.

यातली रात्रभराची तक्रार मात्र खरी आहे, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहाला कर्णे बंद, आणि वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत. माझीही खिडकी मंडपाकडे उघडते, त्यामुळे नियमाविरुद्ध बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण परिणाम असा झाला की मध्यरात्रीनंतरचा दरबारी साडेआठला गायला जातो, तेव्हा समोरच्याच्या हातातली कॉफीसुद्धा निवलेली नसते. पहाटे पाचला, शाल डोक्यावरून घेऊन, रात्रभर चार जणांचं गाणं अंगावर घेतल्यावर कानावर पडणारा ललत आणि रविवारी सकाळी आंघोळ-नाश्ता उरकून रिक्षाने जाऊन ऐकलेला ललत, यांचे स्वर तेच असतात. ऐकणारा तो नसतो. असो. या मुद्द्यावर निराश व्हायला प्रशिक्षण लागत नाही.

प्रत्यक्ष मैफलीत निराशेची सुरुवात तंबोरे लागत असतानाच करावी. अडाणी श्रोता या वेळात मोबाईल बघतो. जाणकार पुढे झुकतो आणि कपाळाला आठी घालतो. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी झालेल्या मैफलीत रविशंकर आणि अली अकबर खाँ नुसती वाद्यं लावत होते, तर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वाद्यं लावणंच एवढं आवडलं असेल तर वाजवणं आणखी आवडेल अशी आशा आहे, अशा अर्थाचं रविशंकर त्यांना म्हणाले. आपल्याकडे ही चूक होत नाही. आपल्याकडे वादन संपलं तरी टाळी विचार करून पडते.

तंबोरे लागायला वेळ का लागतो, हे माहीत असलेलं बरं. निराशेला वजन येतं. कलाकारांच्या खोलीत हवा एक, दिव्यांखाली दुसरी. तारा सैल-घट्ट होतात, तबल्याची पुडी दमट हवेत उतरते, हातोडीचे ठोके घालून ती चढवावी लागते. घोडीवर तारेखाली जवारीचा जो दोरा असतो, तो केसभर सरकला तरी तंबोऱ्याचा झंकार मिटतो. हे सगळं समजलं, की शेजाऱ्याच्या कानात हळूच सांगावं, "उजवीकडच्या तंबोऱ्याचा पंचम हलतोय." तंबोरे दोनच असतात, त्यामुळे तुमचं खरं असण्याची शक्यता निम्मी. शेजाऱ्याला कळण्याची शक्यता त्याहून कमी. आणि समजा शेजारी स्वतःच तंबोरे लावणारा निघाला, तर "ध्वनियंत्रणेमुळे वाटत असेल" म्हणून मोकळं व्हावं.

ध्वनियंत्रणा हा तर अक्षय ठेवा आहे. गायक गाता गाता दोन बोटं वर करतो, म्हणजे मॉनिटर वाढवा. तळहात खाली दाबतो, म्हणजे तबला कमी करा. कोपऱ्यात बसलेला ध्वनीवाला दोन्ही खुणांचा अर्थ 'सगळं वाढवा' असा घेतो, आणि मग जी शिट्टी वाजते ती मारव्याच्या कोमल ऋषभाच्या बरोब्बर उरावर बसते. पुढे आठ दिवस लोकांना राग आठवत नाही, शिट्टी आठवते. मैफल बिघडली तर दोष ध्वनीवाल्याचा आणि रंगली तर श्रेय घराण्याचं, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. पण रूढी आहे, पाळावी.

दाद देण्याबाबत एकच नियम: देऊ नये. विलंबित एकतालात सम इतक्या उशिरा येते, की भोळा श्रोता तिच्या आधीच मान टाकतो आणि उघडा पडतो. निराश श्रोत्याला हा धोका नाही, कारण तो डोळे मिटून स्थिर बसतो. या आसनाचा जोडफायदा असा की झोप लागली तरी बाहेरून फरक कळत नाही. घोरणं आलं तर सोबतच्याने "ते तंद्रीत आहेत" असं सांगावं. तशी त्याला घरूनच ताकीद द्यावी.

सत्कारांबद्दल फार लिहीत नाही. शाल, श्रीफळ, प्रायोजक, प्रायोजकांचे मेहुणे. निवेदिका 'स्वरांच्या हिंदोळ्यावर' म्हणाली की घड्याळ लावून ठेवावं. साधारण वीस मिनिटं हाताशी असतात.

तरुण वाचकांचा आग्रह असेल म्हणून स्टेडियमातल्या कार्यक्रमांविषयी दोन शब्द. तिथे निराशा घरपोच मिळते, कष्ट नाहीत. २०१७ च्या मे महिन्यात जस्टिन बीबर नव्या मुंबईत येऊन गेला. हजारो रुपये मोजून गेलेल्या पोरांनी दुसऱ्या दिवशी तक्रार केली, की बरीचशी गाणी ध्वनिमुद्रितच होती, तो नुसते ओठ हलवत होता. माझ्या मते त्यांनी रडायला नको होतं. पहिल्याच मैफलीत एवढी अस्सल निराशा आम्हाला मिळाली नाही. आम्ही वर्षानुवर्षं घासली. २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्ले आलं त्याच्या चार महिने आधीपासून लोक निराश होते, कारण तिकिटांच्या रांगेत संगणकाने त्यांना लाखांतला नंबर दिला होता. ही प्रगती आहे. आणि १९९६ च्या नोव्हेंबरात अंधेरीला मायकेल जॅक्सनला पाहिलेला माणूस ऑफिसात एक तरी असतोच. त्याच्याशी वाद घालू नये. तो आता तुमचा मन्सूर आहे.

भैरवी सुरू झाली की उठावं. भैरवी म्हणजे शेवट, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं, म्हणून तिचे पहिले स्वर आणि चपलांचा शोध एकदमच सुरू होतो. गवयाने तीन तासांत जे साठवलेलं असतं ते तो भैरवीत ओततो म्हणतात. मला नक्की सांगता येणार नाही. मी तोवर पार्किंगमध्ये असतो. आपली चप्पल न सापडणं ही त्या रात्रीची शेवटची आणि सर्वांत भरवशाची निराशा. दुसऱ्याची चांगली चप्पल सापडणं मात्र या विषयाच्या कक्षेबाहेरचं आहे.

खरी मैफल यानंतर, चहाच्या टपरीवर भरते. तिथे ज्याला गाणं आवडलं तो "छान झालं" म्हणतो आणि संपतो. न आवडलेला तासभर बोलतो आणि पुढचा कटिंग त्याला दुसरा कोणी पाजतो.

शेवटी एक खबरदारी. मैफल वाईट चालली आहे अशी पक्की खात्री झाली, तरी मध्येच उठून खायला जाऊ नये. हे मी अनुभवाने सांगतो.

गोष्ट २००६ च्या आसपासची, भारनियमनाच्या दिवसांतली. एका तालुक्याच्या गावी देवस्थानाचा उत्सव होता. गायिका ज्येष्ठ, नाव मोठं. पण साडेसातचं गाणं सत्कारांनी नऊवर नेलं, माइक चिरकत होता, पुढ्यात पोरं लपंडाव खेळत होती, आणि बाईंचा आवाज काही केल्या लागत नव्हता. अर्ध्या तासात माझी निराशा अगदी पूर्ण झाली. मन्सूर मनात म्हणून झाले. मी उठलो आणि मंडपामागच्या वड्याच्या गाडीपाशी रांगेत उभा राहिलो. पुढे सहा जण होते, मागे चार.

तेवढ्यात वीज गेली. सगळीकडे काळोख, उजेड फक्त स्टोच्या निळ्या ज्योतीचा आणि तेलावर पडलेल्या तिच्या तिरिपेचा. जनरेटरची दोरी कोणीतरी ओढत होतं, आणि तो खोकून गप्प बसत होता. झालं, संपली मैफल, असं मी मागच्या माणसाला म्हणालो. तो "हं" म्हणाला.

आणि मग आतून तंबोरे ऐकू यायला लागले. ते आधीही वाजतच असणार, पण कर्ण्यांच्या गदारोळात आम्हाला कळले नव्हते. त्यांच्यावर बाईंचा आवाज आला, माइकशिवाय, फार मोठा नाही, पण सरळ. लपंडावाची पोरं गप्प झाली. वडेवाल्याने मान वर केली, थोडं ऐकलं, आणि हात खाली नेऊन स्टो बारीक केला. तेलाची चरचर खाली बसली. रांगेतले आम्ही अकरा जण तसेच उभे, कोणी पुढे सरकलं नाही. कढईत चार वडे होते, झारा हातात धरलेला होता. किती वेळ, ते सांगता येत नाही. दहा मिनिटं असतील, वीसही असतील. राग कोणता, हे मी त्या रात्री ठरवलं नाही.

मग जनरेटर लागला, दिवे आले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, माइक पुन्हा चिरकला, आणि गाणं आधीसारखं झालं.

त्या मैफलीचं नाव आजही त्या बाजूला निघतं. मीही ती सांगतो, आणि सांगताना मी तिसऱ्या रांगेत असतो. हे वाचणाऱ्यांनी कृपा करून पुढे बोलू नये.

मंद आचेवर तळलेला वडा तेल पितो. त्या घाण्यातले चारही वडे तेलकट निघाले. त्यातला एक माझ्या वाट्याला आला. कोणी परत केला नाही.