आठ गच्च्यांची रेल्वे

मे महिन्यात टँकरवाल्याला ‘अण्णा, आधी आमच्या गल्लीत या’ म्हणून विनवणारा माणूस जूनमध्ये कसा राजा होतो, ते पाहायला बीदरला किंवा भालकीला यावं. गच्चीवरून चार इंची पाइप खाली उतरतो, फरशी घातलेल्या अंगणातून शिस्तीत पुढे सरकतो आणि फाटकाबाहेर तोंड उघडतो. पाणी भदाभदा गटारात. आत मालक बोअरच्या मोटरचं बटण दाबतोय.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर. आता हिशेब करा. गच्ची 1000 चौरस फुटांची, पाऊस वर्षाचा 800 मिलिमीटर, पाचवा हिस्सा उडाला-सांडला धरला तरी 60 हजार लिटरच्या आसपास हाती लागतं. म्हणजे ती अख्खी गाडी आठ-नऊ गच्च्यांवर दरवर्षी येते. इंजिन नको, हिरवा झेंडा नको, मंत्री तर नकोच.

बहामनी सुलतानांना जमिनीचं गणित पक्कं ठाऊक होतं. बीदरच्या जांभ्यातून झिरपलेलं पाणी खालच्या काळ्या पाषाणावर अडतं, हे हेरून पंधराव्या शतकात शहराला लागून असलेल्या नौबादला दोन किलोमीटरहून लांब भुयारी कालवा, म्हणजे करेझ, खोदला गेला. त्यातला गाळ उपसायला 2015 साल उजाडलं. मधल्या काळात त्याच्या हवेच्या विहिरींत आपण कचरा टाकला. तेवढीच आपली भर.

पन्हळीखाली पिंप ठेवा म्हटलं की उत्तर तयार : डास होतात. जुन्या धोतराचा फडका तोंडाला घट्ट बांधला की डास मिटले, पण मग सबब कुठून आणायची? खरी अडचण वेगळीच. त्या हजार चौरस फुटांच्या गच्चीखाली 200 लिटरचं पिंप सेंटीमीटरभर पावसात चारदा भरून उरतं. ओसंडलेलं कुठे न्यायचं? आज्यांनी न्हाणीमागे खोलगट जागा धरून तिथे कर्दळ, अळू, एखादी केळ लावलीच होती. आता तिला रेन गार्डन म्हणतात आणि व्हिडिओ बघून करतात. करा बापडे, फक्त घराच्या पायापासून दहा फूट लांब. बीदरच्या लाल मातीत पाणी जिरतं. भालकी-आळंदकडच्या काळ्या मातीत नुसता खड्डा केलात तर म्हशींची सोय होईल. तिथे वाळू-मुरूम मिसळा, खोली कमी, पसारा जास्त.

त्यासाठी अंगणातले पेवर ब्लॉक उखडावे लागतील, हे घरात तुम्हीच सांगा. गाडी कुठे धुवायची, असं विचारतील.