मिक्सर आणि पुष्पवृष्टी

2006 च्या अनंत चतुर्दशीला लालबागच्या मावशीच्या गॅलरीत माणसं अठरा आणि कॅमेरे दोन होते. माझा मनीष मार्केटातून घासाघीस करून आणलेला, मिनी डीव्ही कॅसेटचा. भावोजींचा नवाकोरा, 8 सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर चित्रण करणारा. "अजून रीळ गुंडाळतोस?" भावोजींनी चप्पल काढतानाच विचारलं, आणि सामना ठरला.

आकडे माझ्या बाजूचे. तासाभराच्या कॅसेटवर सुमारे 13 जीबी बसतात. भावोजींच्या चकतीत 1.4, आणि दर्जा उत्तम ठेवला तर ती 20 मिनिटांत खलास. 20 मिनिटांत लालबागचा राजा मंडपातून धड बाहेरही पडत नाही.

मूर्ती समोर आली तशी श्रॉफ बिल्डिंगवरून पुष्पवृष्टी सुरू झाली. मी मनात म्हटलं, आता बघू.

रात्री मावशीच्या एकवीस इंची टीव्हीला वायरी जोडल्या. आधी भावोजींची चकती. सुरुवात झकास, पण फुलं पडू लागली आणि चित्राची चौकटीची लुंगी झाली. राजाच्या मुकुटाचे चौकोन, ढोलवाल्यांचे चौकोन. कारण साधं आहे. माझा कॅमेरा सेकंदाला 25 चित्रं घेतो आणि प्रत्येक चित्राची स्वतंत्र पुडी बांधतो. भावोजींचा एक चित्र पुरं ठेवतो आणि पुढे काय बदललं तेवढंच टिपतो. सत्यनारायणाला हे चालतं. चौरंग, केळीचे खांब, गुरुजी सगळे जागच्या जागी, हलतो तो घंटेचा हात. इथे हजारो पाकळ्या एकदम हलल्यावर त्या बिचाऱ्याने टिपायचं तरी किती? (गुलाल मात्र दोघांकडेही सारखाच फिसकटला होता. ते मी बोललो नाही.)

मग माझी कॅसेट लागली. पाकळी अन् पाकळी सुटी. मी भावोजींकडे न बघण्याचा मोठेपणा दाखवला आणि वर म्हणालो, "आता आवाज ऐका. सोळा बिट!"

या कॅमेऱ्यांत आवाज आपोआप सांभाळायची एक सोय असते. ढोल कडाडला की ती कान झाकून घेते. ढोल थांबला की हळूहळू कानामागे हात नेते, आणि मग तिला सगळ्यात जवळच्या माणसाचं सगळ्यात स्पष्ट ऐकू येतं. पडद्यावर मिरवणूक थबकली. ढोल थांबले. दोन क्षण नुसती कुजबुज, आणि मग खोलीभर मावशीचा आवाज घुमला. शेजारच्या काकूंना सांगत होती:

"बघा, कसे मिरवतायत जावईबापू! पोरगी दोन वर्षं मिक्सर मागतेय, तर हे खेळणं आणलं. अजून पाट्यावर वाटते हो चटणी."

मी रिमोट शोधू लागलो. तो नेमका मावशीच्या मांडीखाली होता, आणि मावशी हलायला तयार नव्हती. ताई एकदम भांडी आवरायला आत गेली. टीव्हीवर काकू म्हणाल्या, "आणि पोटही सुटलंय."

पुन्हा ढोल सुरू झाले, तेव्हा कुठे सगळ्यांनी श्वास सोडला.

भावोजींनी आपली चकती पुसली, डबीत घातली, डबी खिशात टाकली.

"चित्राचं राहू दे," ते म्हणाले, "पण आवाज तुझा फारच स्वच्छ आहे रे."