तात्यांची टिचकी

तात्यांनी बोटाच्या पेरानं भिंतीवर दोनदा ठोकलं, कान लावला आणि मान हलवली.

"हिला सिक लाइनला घाला."

एजंटाचा चेहरा उतरला. सिक लाइन म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, पण हे कौतुक नव्हे एवढं त्याला कळलं. हा आमचा अकरावा फ्लॅट होता. आधीचे दहाही तात्यांनी असेच यार्डात ढकलले होते.

आजारी डबे बाजूला काढून ठेवायचे ती सिक लाइन. तात्या रेल्वेत कॅरेज अँड वॅगनला होते. गाडी दौंडला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोका मारत जायचं. आवाज खणखणीत आला तर चाक चांगलं, बद्द आला तर कुठं तरी तडा. निवृत्त होताना खात्यानं हातोडी जमा करून घेतली, सवय जमा करून घ्यायची राहिली. तेव्हापासून गोतावळ्यात कुणीही घर घ्यायचं म्हटलं की पहिला फोन तात्यांना. असा एक माणूस प्रत्येक तालुक्याच्या गावाला असतोच. कुठं तो माजी तलाठी असतो, कुठं सिमेंटच्या दुकानातला दिवाणजी. आमच्या वाट्याला रेल्वेवाला आला, कारण दौंडात दगड भिरकावला तर तो रेल्वेवाल्याच्याच अंगणात पडणार. १८७८ साली इथून मनमाडची लाइन निघाली, ते गाव अजून ड्यूटीवरच आहे.

मुळात फ्लॅट या शब्दावरच तात्यांचा आक्षेप. "आमच्याकडं फ्लॅट म्हणजे रोग. ब्रेक जाम झाला की चाक फिरायचं सोडून रुळावर घासत जातं आणि एका जागी चपटं होतं. मग दर फेऱ्याला ठक्. आम्ही फ्लॅट सापडला की गाडी अडवून ठेवायचो, आणि तू कर्ज काढून घ्यायला निघालास!"

माझं मागणं फार नव्हतं. पुण्याच्या शटलचा पास काढणाऱ्या माणसाला स्टेशन चालत सात मिनिटांवर असलं की बाकी सगळं चालतं. शेवटी एजंटानं बाजारपेठेतली एक जुनी इमारत दाखवली. दुसरा मजला, लिफ्ट नाही, खाली मसाल्याची गिरणी. कार्पेट ४१० स्क्वेअर फूट, पण तो ५६० म्हणत होता. मधल्या दीडशेत जिना होता, गच्ची होती आणि बहुधा समोरची वडापावची गाडीही होती. जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "होईल की." १९६३ च्या कायद्यानं ते बिल्डरनं करून द्यायचं असतं. इमारत १९८६ ची. म्हणजे 'होईल की'चं वयसुद्धा कर्ज मिळण्याइतकं झालेलं.

तात्यांनी कामाला सुरुवात केली. सगळे नळ एकदम सोडले आणि मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभे राहिले. खिशातून नातवाची गोटी काढून मोरीत सोडली. ती जाळीकडं न जाता थेट उंबऱ्याकडं आली, तेव्हा त्यांनी माझ्याकडं फक्त एकदा पाहिलं. मग बेडरूमच्या भिंतीपाशी गेले आणि ठोकलं. टक् टक्.

पलीकडून उत्तर आलं. टक् टक् टक्.

तात्या दचकले. एवढ्या वर्षांच्या नोकरीत चाकानं कधी उलट ठोका दिला नव्हता. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला, "चार इंची वीट आहे हो! तुमचं मघापासून सगळं ऐकू येतंय. ते कालनिर्णय काढून बघा."

कालनिर्णय जमिनीपासून दोन फुटांवर टांगलेलं होतं. "मागच्या लोकांच्या घरात लहान मूल होतं ना, त्याच्यासाठी," एजंट घाईघाईनं म्हणाला. तात्यांनी पानं उचलली. मागं भीमेच्या पात्रासारखी वळणं घेत गेलेली ओल, आणि पोपडे. शेजारच्या आजी पाच मिनिटांत चहा घेऊन आल्या आणि त्यांनी इमारतीचं उरलेलं सगळं गुपित बशीत ओतून दिलं. पाणी दिवसाआड, गळती कुठल्या पाइपची, गिरणी कधी बंद होते. एजंट चहा फुंकत राहिला. किंमत ऐंशी हजारांनी खाली आली.

"फिट," तात्या म्हणाले. "पण कॉशन लावून चालवा. ताशी वीस."

आता शिरूरची परवानगी उरली होती. तिथं माझी सासुरवाडी. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या माणसाची भिस्त जमिनीवर. मामेसासऱ्यांनी आकडा ऐकला आणि ते खाटेवर उठूनच बसले. "एक गुंठा म्हंजे एक हजार एकोणनव्वद फूट. तुझा अर्धा गुंठाबी भरंना, आणि तो बी हवेत!"

मामा पोरवयात इनामगावला पाट्या उचलायला होते. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजचं उत्खनन १९६८ पासून १९८३ पर्यंत चाललं होतं, त्यावर. तेव्हापासून कुठलंही नवं घर त्यांच्या नजरेला भरत नाही. "तीन हजार वर्षांमागं आमच्यात पाच खोल्यांचं घर होतं, पाच!" मी म्हटलं, मामा, ते गावच्या प्रमुखाचं असावं म्हणतात; आणि पुढं दुष्काळ पडत गेले तशी तिथलीही ऐसपैस चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. म्हणजे वन आरकेच. मामांनी माझ्याकडं दुर्लक्ष करून तात्यांना सांगितलं की तिथं मेलेल्या माणसाला राहत्या घराच्याच जमिनीखाली पुरायचे, पावलं तोडून, म्हणजे तो कुठं जायला नको.

तात्या बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "पझेशनचा प्रॉब्लेम तेव्हापासूनचा आहे म्हणायचा."

बाईमाणसाच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, ही सरकारची २०२१ ची योजना. ती कळताच खरेदीखत बायकोच्या नावावर झालं आणि हप्ते माझ्या. परतताना मी सहज विचारलं, "तात्या, तुमचं स्वतःचं घर?"

"बघतोय," ते म्हणाले. क्वार्टर सोडल्यापासून ते भाड्यानं राहतात. अजून एकही भिंत पास झालेली नाही.

वास्तुशांतीला जागेच्या मानानं फारच माणसं आली. पंगत तीन हप्त्यांत उठवावी लागली, ताटं जिन्यातून फिरत होती, शेजारच्या आजी भिंतीपलीकडूनच वाढप्यांना सूचना देत होत्या. तात्या आणि मामा एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. एवढ्यात मालगाडी आली. फडताळातले पेले किणकिणायला लागले. तात्यांचा जिलबीचा हात तोंडाशीच थांबला. डोळे मिटून ते एकेक डबा मोजत राहिले आणि शेवटाकडं एकदम ताठ झाले. ठक्. ठक्. ठक्.

"फ्लॅट आहे!" तात्या ओरडले.

मामांनी मठ्ठ्याची वाटी खाली ठेवली. "मग काय? वाडा हाय म्हणून सांगितलं हुतं का तुमाला?"